काय आहे, किती आहे, कशावरून?

सप्टेंबर १८९२मध्ये लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाचे एक छोटेसे पत्र 'नेचर' साप्ताहिकात छापून आले. हवेतला ऑक्सिजन काढून टाकल्यावर उरणारा नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीने मिळवलेला नायट्रोजन यांची घनता काही केल्या जुळत नव्हती. रसायनशास्त्रज्ञांपैकी कुणाला याचे कारण सुचते का, अशी त्याची विचारणा होती. पुढे त्याने निव्वळ रासायनिक संयुगांपासून केलेला नायट्रोजन वापरला, तर फरक मिटण्याऐवजी वाढला. हवेतला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम, संयुगांतून काढलेला १.२५०५ ग्रॅम. जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक, पण रॅलेने तो सोडला नाही. विल्यम रॅम्झी त्याच्या जोडीला आला आणि १८९४मध्ये दोघांनी जाहीर केले, की हवेत आजवर कुणालाही ठाऊक नसलेला एक वायू आहे. तो आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, १७८५मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशच्या प्रयोगात शेवटी एक बारीक बुडबुडा उरला होता, मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही, अशी नोंदही त्याने करून ठेवली होती. तो बुडबुडा आर्गॉनचाच असावा. नोंद होती, पण तिला पुढचा प्रश्न विचारणारा माणूस यायला शतक लागले.

विश्लेषणात्मक रसायनशास्त्र म्हणजे काय, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे. एखाद्या पदार्थात काय आहे, हे सांगणारे गुणात्मक विश्लेषण आणि किती आहे, हे सांगणारे परिमाणात्मक विश्लेषण. पण माझ्या मते या शास्त्राचा जीव तिसऱ्या प्रश्नात आहे: कशावरून म्हणता? उपकरण आकडा देते. तो आकडा खरा मानावा की नाही, आणि मानला तर किती ताणून मानावा, हे सांगण्याची जबाबदारी विश्लेषकाची. औषध, अन्न, पर्यावरण, न्यायवैद्यक, भूशास्त्र, अवकाशविज्ञान या सगळ्यांचे पाय आज अशा आकड्यांवर उभे आहेत, म्हणून या तिसऱ्या प्रश्नाची चर्चा प्रयोगशाळेबाहेरही व्हायला हवी.

याची मुळे बाजारात आणि कारखान्यात आहेत. सोनार कसोटीवर सोन्याची रेघ ओढून तिचा रंग पारखत, टांकसाळीत सोने शिशाबरोबर वितळवून त्यातली भेसळ वेगळी काढत. अठराव्या शतकात लाव्हॉझिएने तराजूला रसायनशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवले. टायट्रेशन जन्मले ते कापड विरंजनाच्या धंद्यातून. क्लोरीनचे पाणी फार तेज झाले तर कापड जळते, सौम्य झाले तर डाग राहतात. तेव्हा ते किती तेज आहे हे मोजण्यासाठी फ्रान्समधल्या देक्रोआझिलने निळीचे द्रावण वापरले आणि १७९१च्या सुमारास ब्यूरेटचा पहिला अवतार घडवला. पुढे जर्मनीत मोरने ही विद्या इतकी सुटसुटीत केली, की अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती आजही तेच तंत्र असते: थेंब थेंब अल्कली, आणि फिनॉल्फथॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे.

विषप्रयोगाच्या खटल्यांनी या शास्त्राला न्यायालयात नेले. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, आणि त्याची लक्षणे पटकीसारखी. जेम्स मार्शने १८३६मध्ये अशी चाचणी शोधली, की नमुन्यात आर्सेनिक असेल तर काचेवर काळसर चकचकीत थर जमतो. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावरचा पतीच्या खुनाचा खटला याच चाचणीवर फिरला. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून विषशास्त्रज्ञ ऑर्फिला यांना बोलावण्यात आले. त्यांनी मृतदेहात आर्सेनिक दाखवलेच. शिवाय ते आपल्या रसायनांतून किंवा थडग्याभोवतीच्या मातीतून आलेले नाही, हेही दाखवले. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूच्या बातमीत 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य असते आणि पोलीस 'सीए रिपोर्ट'ची वाट पाहतात. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. त्या अहवालाचे वजनही ऑर्फिला यांच्या त्या दुसऱ्या भागातच असते.

१८६०च्या आसपास बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीचा रंग लोलकातून पाहून मूलद्रव्ये ओळखण्याची वाट दाखवली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना अनोळखी निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम सापडले. मग त्याचे काही ग्रॅम क्षार हाती यावेत म्हणून सुमारे ४४ हजार लिटर पाणी आटवावे लागले. रेषा दिसणे आणि पदार्थ हाती येणे यांतले अंतर एवढे होते. याच तंत्राने सूर्यावरचा हेलियम ओळखला गेला, आणि इथे एक दुरुस्ती करायला हवी. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात तिथूनच हेलियम शोधला असे सांगितले जाते. या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेनने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि त्याने आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना केले. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५मध्ये, एका युरेनियम खनिजातून, आणि तो मिळवला आर्गॉनवाल्या रॅम्झीनेच. विजयदुर्गाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण जे शास्त्र 'कशावरून' विचारते, त्याच्या इतिहासालाही तोच नियम लावला पाहिजे.

विसाव्या शतकाने दिलेली सगळ्यांत मोठी देणगी कोणती असे कुणी विचारले, तर मी क्रोमॅटोग्राफीचे नाव घेईन. वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने वॉर्सात पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून खाली सोडला. हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे होत उतरले. १९०३मध्ये त्याने हे मांडले, पण पुढची जवळजवळ तीस वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. मग इंग्लंडमधल्या लीड्स इथे लोकरीच्या प्रथिनांतली अमिनो आम्ले सुटी करताना मार्टिन आणि सिंज यांनी १९४१मध्ये या कल्पनेला नवे रूप दिले. १९५२चे नोबेल त्यांना मिळाले. खऱ्या जगातला कुठलाही नमुना, रक्त, नदीचे पाणी, खोकल्याचे औषध, हे मिश्रण असते. आधी सुटे करता आले तरच पुढे मोजता येते. आज तारापूर-तळोज्याच्या औषध कारखान्यांत रसायनशास्त्राची पदवी घेऊन क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागलेली मुले-मुली दिवसभर ज्या एचपीएलसीपुढे (क्रोमॅटोग्राफीची आधुनिक यंत्रणा) उभी असतात, ती त्या खडूच्या नळीचीच नात. मिनिटाला एक मिलिलिटर या गतीने ती दिवसरात्र चालली, तर दीड लिटर द्रावक संपतो, आणि तो बहुधा विषारी असतो. विश्लेषणानेच प्रदूषण करू नये म्हणून कमी द्रावकात काम भागवणाऱ्या पद्धती शोधण्याचे मोठे काम सध्या चालू आहे.

सुट्या झालेल्या रेणूंचे वजन करणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. अ‍ॅस्टनने १९१९मध्ये त्याच्या मदतीने समस्थानिके वेगळी दाखवली. पण प्रथिनासारखा अवजड, नाजूक रेणू न मोडता या यंत्रात उडवायचा कसा, हा पेच बरीच वर्षे सुटला नव्हता. तो सोडवणाऱ्या जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२चे नोबेल मिळाले. त्याआधीच लहान रेणूंच्या बाबतीत या यंत्राने बालरोगशास्त्रात पाऊल टाकले होते: नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबातून एकाच वेळी डझनांनी चयापचय-विकार तपासता येतात. काही विकारांत वेळेवर आहार बदलला तर मूल निरोगी वाढते. माझ्या दृष्टीने या शास्त्राचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

उपकरणांची ही चढती कमान पाहून वाटते, आता काय, यंत्रात नमुना घाला आणि सत्य बाहेर. पण यंत्र किती बारीक मोजते, यापेक्षा आपण काय मोजायचे ठरवले, नमुना कुठून घेतला आणि तुलना कशाशी केली, यावर आकड्याचे खरेपण ठरते. याची उदाहरणे आपल्या गावातच आहेत.

दूध संकलन केंद्र घ्या. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (स्निग्धांश वगळता उरणाऱ्या घन घटकांना) धरून जाहीर होतो, आणि सकाळी सहाला रांगेतल्या शेतकऱ्याचे डोळे मिल्कोटेस्टरच्या आकड्यावर असतात. नुसते लॅक्टोमीटर पुरे का नाही? पाणी घातले की दुधाची घनता उतरते, साय काढली की चढते. दोन्ही केले की लॅक्टोमीटरला सगळे ठीक दिसते. म्हणून फॅट वेगळे मोजावे लागते. गर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यासाठी सल्फ्युरिक आम्लाची चाचणी दिली, आणि ती आजही मानली जाते. मिल्कोटेस्टर फॅट थेट पाहत नाही. दुधातून जाणाऱ्या ध्वनिलहरींवरून किंवा प्रकाशावरून अंदाज बांधतो, आणि गर्बरसारख्या मूळ पद्धतीशी त्याचे वेळोवेळी कॅलिब्रेशन झाले तरच तो अंदाज खरा. शेतकऱ्याची 'मशीन कमी दाखवते' ही तक्रार म्हणजे शुद्ध विश्लेषणशास्त्राचा प्रश्न आहे. त्याला उत्तर देणारी त्रयस्थ व्यवस्था गावाच्या जवळ हवी. उसाचेही तसेच. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचे ब्रिक्स आणि पोल रोज काढतात, साखरेचा उतारा ठरतो, आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, त्या उताऱ्याला, सध्या १०.२५ टक्क्यांच्या पायाला, बांधलेली आहे. दशांशातला एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर संपूर्ण तालुक्याच्या बिलात फरक पडतो.

द्राक्षांची गोष्ट अधिक बोलकी आहे. युरोपात ज्या कीटकनाशकांना वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्यांच्यासाठी सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा असते. दहा टन द्राक्षे भरलेल्या ट्रकमध्ये सगळे मिळून ०.१ ग्रॅम. एवढ्या बारकाईने शेकडो रसायने एकाच वेळी तपासण्याची क्षमता आपल्या प्रयोगशाळांत आहे, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा या कामात देशाची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते. तरीही २०१०मध्ये युरोपने भारतीय द्राक्षे अडवली. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांचे 'सीसीसी', वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे संजीवक. ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. शिवाय त्याचा रेणू असा, की नेहमीच्या अर्कात तो येत नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. प्रयोगशाळांचे अहवाल आपापल्या जागी बरोबर होते. विचारलेल्या रसायनांची उत्तरे त्यांनी दिली होती. जे विचारलेच नव्हते, ते नाशिकच्या बागायतदाराने भोगले.

बांगलादेशात हीच चूक किती भयंकर होऊ शकते ते दिसले. अतिसाराने मरणारी मुले वाचावीत म्हणून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९२मध्ये ब्रिटिश भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेने त्या भूजलाचा अभ्यास केला. अनेक मूलद्रव्ये तपासली, आर्सेनिक तपासले नाही. पुढे कळले, की कोट्यवधी लोक आर्सेनिकयुक्त पाणी पीत आहेत. आर्सेनिक का तपासले नाही, म्हणून तिथल्या एका गावकऱ्याने लावलेला दावा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६मध्ये फेटाळला गेला. कायद्याने संस्था सुटली. पण तो अहवाल वाचून 'पाणी तपासले आहे' असे समजणाऱ्यांना ही पळवाट नव्हती. आज तिथे गावोगावी वापरला जाणारा तपासणी संच मार्शच्या त्याच जुन्या रसायनावर चालतो: आर्सेनिकचा वायू करायचा आणि कागदाच्या पट्टीवर रंग पाहायचा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे रसायन पुरेसे होते.

फसवणारा मात्र नेमका प्रश्नाचा अभ्यास करून येतो. केल्डाल याने १८८३मध्ये दिलेली पद्धत अन्नातला नायट्रोजन मोजते. त्याला ठराविक अंकाने गुणले की प्रथिने मिळतात. नायट्रोजन प्रथिनांतूनच आला, हे त्यात गृहीत धरलेले असते. २००८मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलॅमिन मिसळले गेले. मेलॅमिनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. दूध चाचणीत उतरले, आणि सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. आपल्याकडे एसएनएफ वाढवण्यासाठी दुधात युरिया घालणारे याच वाटेने जातात.

आणि कधी कधी प्रश्न ठाऊक असतो, पद्धत ठाऊक असते, तरी विचारलाच जात नाही. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे विष नवे नव्हते. १९३७मध्ये अमेरिकेत याच रसायनाने शंभराहून अधिक जणांचा जीव घेतला होता आणि त्यातून तिथला औषध कायदा घडला. जे.जे. प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून परीक्षणापर्यंतची सगळी साखळी उघडी केली. पण २०२२मध्ये गांबियात भारतीय खोकल्याच्या औषधांशी जोडले गेलेले बालमृत्यू पाहिले, की मन विषण्ण होते. ग्लिसरीनमधले हे विष गॅस क्रोमॅटोग्राफीने ओळखता येते, साध्या टीएलसी (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवरही त्याचा माग लागतो. यात तंत्रज्ञानाची उणीव नाही. पिंपातून नमुना काढून तो तपासण्याचा खर्च आणि वेळ वाचवला गेला, एवढेच.

नमुना हा शब्द आला आहे तर तिथे थोडे थांबू. गाडीभर शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष शोधायचे असेल, तर हजारो दाणे स्वच्छ आणि एखादाच विषाने भरलेला असतो. तो दाणा पोत्याच्या ज्या कोपऱ्यात आहे तिथे हात गेला नाही, तर जगातले सगळ्यांत महाग यंत्रही 'विष नाही' असेच सांगेल. म्हणून वीस-वीस किलोंचे नमुने अनेक जागांवरून जमवून, दळून, त्यातला चिमूटभर यंत्राकडे पाठवतात. विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकी विश्लेषकाने १९८०मध्ये अनेक आंतर-प्रयोगशाळा तपासण्यांचा धांडोळा घेऊन एक नियम मांडला: पदार्थाचे प्रमाण शंभर पटीने घटले, की वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या उत्तरांतली तफावत दुप्पट होते. प्रमाण एक टक्का असेल तर तफावत साधारण ४ टक्के, दशलक्षांश भाग असेल तर १६ टक्के, अब्जांश भागाला ४५ टक्के. वर्तमानपत्रात जेव्हा 'मर्यादेपेक्षा जास्त आढळले' असे छापून येते, तेव्हा त्या आकड्याला ± चिन्हानंतरचा दुसरा आकडा चिकटलेला असतो. तो छापला पाहिजे.

याच काटेकोरपणातून विसाव्या शतकातली दोन फार मोठी सत्ये बाहेर आली. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन अशनीतले शिसे मोजून पृथ्वीचे वय काढत होता, पण त्याच्या कोऱ्या चाचणीतही, म्हणजे नमुना न घालता केलेल्या चाचणीतही, शिसे निघत होते. धूळ, काच, नळाचे पाणी, माणसाची त्वचा, सगळीकडून ते येत होते. त्याने प्रयोगशाळा विलक्षण स्वच्छ केली आणि १९५६मध्ये ४५५ कोटी वर्षे हे वय दिले. पण कोऱ्या चाचणीतले ते शिसे त्याने विसरू दिले नाही. ते पेट्रोलमधून येते, हे दाखवायला तो आयुष्यभर झगडला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले ते २०००मध्ये. दुसरे सत्य चार्ल्स कीलिंगचे. मार्च १९५८पासून हवाईतल्या मौना लोआवर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला आणि यंत्राला सतत संदर्भवायूंशी ताडून पाहण्याची शिस्त घालून दिली. तेव्हाचे दशलक्षात सुमारे ३१५ भाग आज ४२०च्या वर आहेत. या चढाबद्दल जगाला खात्री वाटते, कारण सहा दशकांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा एकाच मापाने मोजलेला आहे.

अवकाशातही हेच सूत्र लागू पडते. ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रयान-३च्या 'प्रज्ञान' गाडीने दक्षिण ध्रुवाकडच्या जमिनीवर लेसरचा ठोका दिला, ठिणगीचा वर्णपट घेतला आणि गंधक दाखवले. अल्फा कण व क्ष-किरणांच्या दुसऱ्या उपकरणानेही गंधकच सांगितले. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी उपकरणे एकच उत्तर देतात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवता येतो.

आता या शास्त्रापुढचे मोठे आव्हान म्हणजे न विचारलेले प्रश्न. यादी करून तपासण्याऐवजी नमुन्यात जे काही रेणू असतील त्यांची वजने दशांशाच्या चौथ्या-पाचव्या स्थळापर्यंत टिपून ठेवायची, आणि अनोळखी रेषा दिसली की तिचा माग काढायचा, अशी पद्धत रूढ होत आहे. ही नोंद साठवून ठेवता येते. उद्या एखाद्या रसायनाबद्दल शंका आली, तर आजच्या नमुन्याला तेव्हा तो प्रश्न विचारता येतो. बासेलजवळ ऱ्हाईन नदीवरच्या केंद्रात २०१२पासून रोज असे पाणी तपासले जाते. २०१४ या एकाच वर्षात तिथे आधीच्या याद्यांत न सापडलेल्या रसायनांचे दहा मोठे लोट पकडले गेले, सगळे मिळून २५ टनांहून अधिक. त्यांचा उगम नदीच्या वरच्या अंगाला शोधून सोडणाऱ्यांपर्यंत पोहोचताही आले. आपल्या नद्यांचे परीक्षण अजून प्रामुख्याने पीएच, बीओडी, सीओडी यांसारख्या ढोबळ मापांभोवती फिरते. पाणी बिघडले हे त्यातून कळते, कशाने बिघडले आणि कुणी बिघडवले हे कळत नाही. उल्हास, पाताळगंगा, सावित्री या नद्यांच्या काठांवर रासायनिक कारखाने आहेत, आणि मुंबई-पुण्यात असे यंत्र चालवणारी माणसेही आहेत. पहिले केंद्र यांपैकी एका नदीवर, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला उभे राहायला हवे, आणि तिथला रोजचा आकडा त्याच्या ± सकट काठावरच्या गावांना वाचता यायला हवा.